माणशी नऊशे रुपये

ज्या गावात आपण वीस वर्षे राहतो त्याच गावाच्या बाजारात पैसे भरून, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून आणि पुढच्या माणसाच्या टोपीवर नजर ठेवून फिरण्याचा योग फार थोड्यांच्या पत्रिकेत असेल. माझ्या पत्रिकेत तो होता, आणि तो आणला आमच्या चिरंजीवांनी. एके दिवशी जेवताना त्यांनी मोबाइल माझ्या ताटाशेजारी सरकवला. त्यावर कुणा हौशी सहलवाल्यांची जाहिरात होती : ‘नौकाविहार, धबधबा, प्राचीन मंदिर आणि बाजारहाट. एकाच दिवसात. माणशी नऊशे रुपये, चहा-नाष्टा-जेवणासह.’

“कुठे?” मी विचारले.

“बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर.”

मी हसलो. आम्ही उल्हासनगरात, चार नंबरच्या कॅम्पात राहतो. बाजार आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. अंबरनाथचे शिवमंदिर तर इतक्या जवळ, की महाशिवरात्रीला घरी पाहुणे आले म्हणजे त्यांना तिथे नेण्याचे काम माझ्याचकडे असते. तेव्हा या सहलीत आमच्यासाठी नवीन असे काय असणार? “नदी,” चिरंजीव म्हणाले. “बाबा, तुम्ही उल्हास नदी पाहिलीय का?”

आता आली का पंचाईत! गेली वीस वर्षे मी प्रत्येक पत्रावर, प्रत्येक अर्जावर, परीक्षेच्या प्रत्येक मानधनाच्या बिलावर ‘उल्हासनगर’ असे लिहीत आलो. शब्दांच्या व्युत्पत्त्या सांगण्याचा तर माझा धंदाच. उल्हासनगर हे नाव उल्हास नदीवरून पडले, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितले असेल. पण नदी? शहाडकडे जाताना पुलावरून कधी ओझरते पाणी दिसले असेल तेवढेच. ज्या वालधुनीवरून आमचे रोजचे जाणे-येणे, तिच्याकडे पाहण्याचे तर आम्ही कटाक्षाने टाळतो; नाकाला रुमाल लावतो.

नऊशे रुपये भरले. आमची तीन माणसे, आणि चौथे शेजारचे दादा.

दादांविषयी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या मजल्यावर, समोरच्या दारात, एक सिंधी कुटुंब राहते. त्यातले हे आजोबा. सिंधी मंडळी वडीलधाऱ्याला दादा म्हणतात, म्हणून आम्हीही दादाच म्हणतो. वय ऐंशीच्या पलीकडे, अंगात पांढरा झब्बा-पायजमा, हातात वेताची काठी. मराठी बोलतात, पण ती त्यांनी बाजारात शिकलेली; तिच्यात हिंदी मुक्तपणे मिसळते आणि लिंगव्यवस्था सोयीनुसार बदलते. ते मला ‘मास्तर’ म्हणतात. मी महाविद्यालयात शिकवतो, मास्तर नव्हे, हे मी त्यांना पहिल्या वर्षी सांगून पाहिले होते. “कॉलेजमध्ये पण शिकवतेच ना?” एवढे म्हणून त्यांनी तो प्रश्न निकालात काढला.

सहलीचे ऐकल्यावर दादांनी एकच विचारले, “नाव मिळेल बसायला? सचमुचची?”

“जाहिरातीत तरी तसे म्हटले आहे.”

“मग मी येणार,” ते म्हणाले. त्यांच्या सूनबाईंनी पायांचे कारण काढले, रक्तदाबाचे काढले, पावसाचे काढले. दादा तोवर आत जाऊन चप्पल पुसू लागले होते.

*

पितृपक्षातला रविवार होता. सकाळी साडेसहाला आम्ही विठ्ठलवाडीला गाडीत बसलो आणि तिसऱ्या स्टेशनावर, बदलापूरला, उतरलो. पश्चिमेला एक बस उभी होती. तिच्या दारात पिवळी टोपी घातलेला एक तरतरीत तरुण. “नमस्कार! मी आज तुमचा गाईड!” मराठीच्या प्राध्यापकासमोर हा शब्द जपून उच्चारावा. आमच्या आयुष्यात गाईड म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यांच्या उशाशी असणारे, आणि आमच्या सगळ्या शिकवण्यावर पाणी फिरवणारे ते लठ्ठ पुस्तक. पण हा गाईड निराळा निघाला. त्याला माहीत होते ते त्याने सांगितले आणि माहीत नव्हते तिथे “मला ठाऊक नाही” असे म्हणाला. हे आमच्याही धंद्यात सर्वांना जमत नाही.

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडले, शिवाजीमहाराजांच्या वेळी इथे दमलेली घोडी बदलून ताजी घेत, ही गोष्ट त्याने सांगितली आणि लगेच “ही आख्यायिका हं” अशी पुस्तीही जोडली. मग बस बॅरेजच्या रस्त्याला लागली.

बॅरेज म्हणजे उल्हास नदीवरचा बंधारा. इंग्रजांच्या वेळचा म्हणतात. बदलापूर आणि अंबरनाथ यांच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार तोच. आठवडाभर पाऊस उघडला होता. तरी बंधाऱ्यावरून पाणी पांढऱ्या पडद्यासारखे पडत होते आणि त्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. खिडकीशी बसलेले दादा एकदम म्हणाले, “हे बॅरेज?”

“होय.”

“एवढासा?” आणि ते मनापासून हसले. “मास्तर, आमच्या सक्खरला बॅरेज आहे. सहासष्ट दरवाजे. इकडच्या टोकाला उभा राहिला तर तिकडचा माणूस मुंगी दिसते.”

दादा सिंधमधल्या सक्खरचे. सिंधूवरचे ते जगप्रसिद्ध धरण १९३२ साली पुरे झाले आणि त्याला मुंबईच्या एका गव्हर्नरचे, लॉइडसाहेबांचे, नाव दिले गेले. कारण १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. हे मी दादांना पुस्तकी उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “बरोबर आहे. मुंबईच्या लाटसाहेबाने आमच्या नदीला दरवाजे लावले, मग आम्ही मुंबईच्या दरवाजात आलो. हिसाब बराबर.”

नौकाविहार म्हटल्यावर आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांसमोर काश्मीरचा शिकारा होता. प्रत्यक्षात बंधाऱ्यापासून बरेच वर, जिथे तुंबलेली नदी संथ होते, तिथे चिखलात एक डांबर फासलेली होडी टेकवून ठेवलेली. मासेमारीची. तळाशी दोन बोटे पाणी आणि ते उपसायला तेलाच्या डब्याचे अर्धुक. एका वेळी पाच जण, सर्वांना नारिंगी जाकिटे सक्तीची. काठाला जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरलेला. तो दिसायला सुंदर आणि नदीला घातक. त्यातून वाट काढताना वल्ह्याला हिसके बसत. नौकाविहार एकंदर पंचवीस मिनिटांचा. नऊशे रुपयांत तेवढाच बसणार, असे ही पुटपुटली.

पण होडी मोकळ्या पाण्यावर आली आणि आम्ही सगळेच गप्प झालो. वीस वर्षे ज्या नदीच्या नावावर मी राहिलो ती ही एवढी रुंद, एवढी शांत, आणि तिच्यामागे मलंगगडापासून चंदेरीपर्यंत डोंगरांची निळी ओळ. आगगाडीतून हेच डोंगर मी रोज पाहतो. पण तेव्हा माझे निम्मे लक्ष बसायला जागा मिळते की नाही, याकडे असते.

गाईड आमच्याच होडीत होता. राजमाचीच्या दरीत, बोरघाटाच्या अंगाला उगम. मग कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असे करीत वसईच्या खाडीतून समुद्र. लांबी सुमारे १२२ किलोमीटर. एके काळी खाडीतून गलबते कल्याणला लागत. ग्रीक खलाशांच्या जुन्या वर्णनातही कल्याण बंदराचे नाव आहे. “आणि अलीकडचा सगळ्यांत मोठा नौकाविहार,” तो म्हणाला, “२७ जुलै २०१९. इथून वर, वांगणीच्या बाजूला.”

त्या दिवसाची आठवण आमच्याकडे सर्वांना आहे. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पुरात अडकली. रात्रभर गाडी उभी, सकाळ उजाडली तो रूळ पाण्याखाली आणि डब्यांच्या पायऱ्यांना नदी लागलेली. सुमारे १०५० प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बाया. राष्ट्रीय आपत्ती दलाच्या रबरी होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, वर हेलिकॉप्टरे घिरट्या घालू लागली. आसपासच्या गावकऱ्यांनीही हात दिला. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर. अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या कित्येकांना उल्हासमाईचे दर्शन आधी घडले. एरवी ही नदी रूळांना समांतर, इतक्या जवळून वाहते, आणि लाखो लोक तिच्याकडे पाठ करून मोबाइल पाहतात. मीही त्यांतलाच.

“पण एक गंमत सांगतो,” गाईड म्हणाला. “उन्हाळ्यात या नदीत पाणी असतं ते बरंचसं हिचं नसतंच.”

ही गंमत मलाही नवी होती. भीमेच्या खोऱ्यात, घाटमाथ्यावर, आंध्रा नावाची नदी आहे. टाटांनी १९२२ च्या सुमारास तिला ठोकरवाडीला अडवले आणि पूर्वेला वाहणारे तिचे पाणी बोगद्यातून फिरवून कोकणात भिवपुरीच्या वीजघरावर पाडले. वीज झाली की ते पाणी पेज नदीत येते आणि पेजेतून उल्हासमध्ये. म्हणजे बारा महिने नदी वाहती राहते ती या पाण्यावर. मी मनात नकाशा मांडू लागलो. आंध्रा मिळते इंद्रायणीला. इंद्रायणी जाते देहू-आळंदीवरून. पुढे ती भीमेला मिळते, आणि भीमा पंढरपुरी चंद्रभागा होते. म्हणजे जे पाणी ज्ञानोबा-तुकोबांच्या पायांशी जायचे, विठोबाच्या वाळवंटात पसरायचे, ते डोंगर उतरून बदलापूरला आले, पिंपात भरले गेले, आणि आम्ही त्याने भांडी घासली! तीस वर्षे संतवाङ्मय वाचतो आणि शिकवतो आहे. इंद्रायणी माझ्याच नळाला येत असेल हे कुणी सांगितले नव्हते.

हे सगळे मी दादांना समजावून सांगितले. दादांना इंद्रायणी माहीत नव्हती. त्यांना एवढेच कळले की कुठले तरी दुसऱ्या बाजूला जाणारे पाणी इकडे आणले आहे, आणि आता ते इथलेच झाले आहे.

“म्हणजे,” ते म्हणाले, “पाणी पण कॅम्पात आला!”

होडीत सगळे हसले. होडीवाला देखील.

मग दादांनी झब्ब्याच्या खिशातून एक स्टीलची डबी काढली. तिच्यात तांदूळ होते आणि साखर. याला ते ‘अखो’ म्हणतात. सिंधी माणूस वाहत्या पाण्याला तांदूळ-साखर अर्पण करतो; त्यांचा झुलेलाल हा पाण्याचाच देव, पल्ला माशावर बसून येणारा. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले आणि चिमूट पाण्यात पडली. होडीवाल्याने न सांगता वल्हे थांबवले होते. चिरंजीवांचा मोबाइल वर उचललेला होता. तो त्यांनी आपण होऊनच खाली घेतला.

“माझी आई इथेच आहे,” दादा म्हणाले.

आम्ही इतके दिवसांचे शेजारी, पण हे आम्हांला ठाऊक नव्हते. फाळणी झाली तेव्हा दादा सहा वर्षांचे. कराचीहून बोटीने मुंबई, मुंबईहून गाडीने कल्याण. महायुद्धात लष्करासाठी उभारलेली कल्याणची छावणी निर्वासितांना दिली होती. लांबच लांब बराकी. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबे, आणि मध्ये भिंती म्हणून गोणपाटाचे पडदे. तिथे दुसऱ्याच पावसाळ्यात आई तापाने गेली. कल्याणच्या खाडीत अस्थी सोडल्या. सहा-सात वर्षांचे पोर रडेना, नुसते विचारत राहिले, की सिंधूत का नाही सोडल्या? आजी गेली तेव्हा तर तिथेच नेले होते. वडिलांनी सांगितले, ही नदी समुद्राला जाते, आणि समुद्र कराचीला जातो. जाईल ती घरी.

“किती वर्षं मी हिशोब करते,” दादा म्हणाले, “आता ठाणे गेली असेल, आता वसई, आता समुद्र. मग धंदा आला, लग्न आलं, हिशोब राहिला. सत्तर साल इथे राहिला मास्तर, नदीवर नाही आला. आज आला.”

डबी त्यांनी पुन्हा बंद केली नाही. हिच्यापुढे धरली. हिचे वडील गेल्या वर्षी गेले, आणि पितृपक्ष चालू होता. हिने माझ्याकडे पाहिले नाही. दोन बोटांत तांदूळ घेतले आणि बाजूला वाकून पाण्यात सोडले. होडी थोडी कलली. गाईड कलत्या बाजूच्या विरुद्ध सरकून बसला आणि परत फिरायची वेळ झाली होती तरी काही बोलला नाही.

*

कोंडेश्वर बदलापूरच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत. रस्ता भाताच्या खाचरांतून जातो. भात निसवले होते आणि त्याचा तो कोवळा, दुधाळ वास बसच्या खिडक्यांतून आत येत होता. वाटेत नाष्टा झाला : पोहे आणि चहा. पोह्यांवर खोबरे नव्हते, ही तक्रार मी सहलवाल्यांच्या वहीत नोंदवली आहे.

शंकराचे लहानसे देऊळ, त्याच्याशेजारी काळ्या कातळात खोल कुंड आणि त्यात कोसळणारे पाणी. जागा विलक्षण सुंदर आहे. त्याहूनही जास्त ती भयंकर आहे, आणि ते दिसत नाही. पाऊस भरात असतो तेव्हा इथे यायला पोलिसांची बंदी असते. आम्ही ती उठल्यानंतर आलो होतो. धोक्याच्या पाट्या जागोजाग. त्या पाट्यांखाली बसून मुले शर्ट काढीत होती.

“मी फक्त गुडघाभर पाण्यात जातो,” चिरंजीव म्हणाले.

मी नाही म्हटले. त्यांनी कारण विचारले. सतरा वर्षांच्या मुलाला कारण द्यावे लागते आणि ते त्याला पटत नाही. सगळे उतरताहेत, पाणी स्थिर आहे, मला पोहता येते, तुम्ही नेहमी असेच करता. आवाज चढले. माझा जास्त.

कारण मी त्याला सांगितले नव्हते, ते हे. काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात माझ्या वर्गातला एक मुलगा मित्रांबरोबर एका रविवारी इथे आला होता. सोमवारी हजेरी घेताना मी त्याचा क्रमांक दोनदा पुकारला. वर्गात कुणीच काही बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक जण उभा राहिला.

तेवढ्यात दादांनी आपली काठी चिरंजीवांच्या हातात दिली. “बेटा, तू हुशार आहे. जरा माप ना मला, किती पाणी आहे. इथे, काठाला.”

काठाला पाणी अगदी वीतभर दिसत होते. तळाचा दगडही दिसत होता. चिरंजीवांनी काठी टेकवली. टेकली. हातभर पुढे टेकवली. टेकली. आणखी हातभर पुढे झाले आणि काठी सरळ आत गेली. मुठीपर्यंत गेली, मनगट भिजले, कोपर भिजले, तरी तळ लागेना. वाहत्या पाण्यात गोटे गरगरत राहून अशा कातळात खोल रांजण पडतात. वरून पाहिले तर पाणी आरशासारखे. चिरंजीव तसेच, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, जरा वेळ बसून राहिले. मग उठून त्यांनी काठी आपल्या शर्टाने पुसून दादांना परत केली आणि माझ्या शेजारी येऊन दगडावर बसले. घरी त्यांना एवढा वेळ गप्प बसलेले मी पाहिलेले नाही. मग मी त्या मुलाचे त्यांना सांगितले.

“माझी आई सिंधूवर न्यायची ना,” दादा म्हणाले, “तर हात नाही पकडायची. केस पकडायची. हात ओला होते तर सुटते.”

जेवण देवळामागे झाले. भाकरी, पिठले, ठेचा. याविषयी तक्रार नाही.

*

अंबरनाथला पोचलो तेव्हा तीन वाजले होते. इथे मात्र गाईडच्या कामात मी थोडी लुडबूड केली. प्राध्यापकाला देऊळ आणि शिलालेख एका ठिकाणी दिसल्यावर तोंड आवरता येत नाही. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचा लेख या मंदिरात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली जाण्याच्या दोनशेतीस वर्षे आधी हे काळे पाषाण इथे असे नाचते, वाजवते, शृंगारते उभे होते. गाभारा जमिनीच्या पातळीच्या खाली; वीसेक पायऱ्या उतरून जावे लागते. वर शिखर पुरे झालेले नाही, त्यामुळे पिंडीवर आभाळ दिसते. दादांना पायऱ्या झेपणार नव्हत्या. ते वरच बसले. “इथून पण दिसते,” म्हणाले. “वरचा देव वर आहे.”

देवळाच्या अंगाने वालधुनी वाहते. वाहते म्हणायचे. काकोळ्याच्या डोंगरातून ती स्वच्छ निघते, आणि आमची शहरे, आमचे कारखाने, आमची गटारे यांतून कल्याणच्या खाडीला पोचेपर्यंत काय होते ते त्या काठाने राहणाऱ्यांनीच सांगावे. साडेनऊशे वर्षांपूर्वी राजाने देवळासाठी जागा निवडली ती नदीसाठी निवडली असणार. आज यात्रेकरू देवळाचा फोटो घेताना नदी चौकटीत येणार नाही अशा बेताने उभा राहतो. आम्हीही राहिलो. सहलवाल्यांच्या जाहिरातीत तरी वालधुनीचे नाव कुठे होते?

शेवटचा टप्पा बाजारहाट. म्हणजे आमचे गाव. गाईडने बस थांबवली आणि पर्यटकांना सांगू लागला : “मंडळी, हे उल्हासनगर. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. इथे सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले...” मी आणि ही, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन, गळ्यात चिठ्ठ्या घालून, ऐकत उभे. समोरच्या किराणा दुकानदाराने आम्हांला ओळखले. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले ते मी विसरणार नाही. “सर, कुठे बाहेरगावी चाललात?” त्याने विचारले. मी “नाही, आलो,” असे म्हणालो, आणि त्यावर त्याला आणखी काय विचारावे हे सुचेना.

मग तो ‘मेड इन यूएसए’चा जुना विनोद झालाच : यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. नकली मालावरून केलेला. पर्यटक हसले. दादा हसले नाहीत. ते हळूहळू पुढे गेले आणि गाईडकडे हात केला. पोराने मुकाट्याने आपला छोटा कर्णा त्यांच्या हातात दिला.

“पहिला माल काय होता, सांगू?” दादांचा आवाज कर्ण्यातून सगळ्या फुटपाथवर गेला. “पापड. माझी मावशी लाटायची, बराकीत. मी आणि बाप गाडीत विकायचा. कंगवा, सेफ्टीपिन, गोळ्या. तिकीट काढला तर फायदा नाही, नाही काढला तर टीसी. विचार करा! मग एक बाकडा. मग बाकड्यावर छप्पर. मग दुकान. नकली नाही सांगत मी. दुकान असली आहे.”

टाळ्या झाल्या. दादांना कर्णा आवडला असावा. परत द्यायला त्यांनी थोडा वेळ लावला. पुढच्या तासाभरात गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचरची दुकाने ही सगळी यात्रा दादांच्या काठीमागे झाली. गाईड आपली पिवळी टोपी काढून मागून चालत होता आणि ‘हे लक्षात ठेवलं पाहिजे’ असे काहीतरी मोबाइलमध्ये टिपत होता. कुठल्या दुकानात भाव करायचा, कुठल्यात करायचा नाही, कुणाचा बाप कोणत्या बराकीत होता, सगळे कळले. पितृपक्षात खरेदी करायची नाही, असे सकाळी बजावणाऱ्या हिने ‘नुसते बघायला’ म्हणून चार चादरी उलगडवल्या आणि दोन बाजूला ठेवायला सांगितल्या, घटस्थापनेला नेईन या बोलीवर. मी तीन वर्षे ज्या दुकानावरून जातो त्या दुकानात पुस्तकांचे कपाट इतके स्वस्त मिळते हे मला त्या दिवशी कळले. ते आता माझ्या खोलीत आहे. दार नीट लागत नाही. पण दादांच्या ओळखीने घेतलेले असल्यामुळे तसे म्हणता येत नाही.

सातला सहल संपली. बाकीची मंडळी स्टेशनकडे गेली, आम्ही चार जण रिक्षाने घरी. जिन्यात दादांनी एका हाताने कठडा धरला आणि दुसरा हात चिरंजीवांच्या खांद्यावर ठेवला. दारात सूनबाई उभ्या होत्या. त्यांनी आधी दादांचे पाय पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी नजर चुकवली.

आमच्याकडे पाण्याच्या वेळेचा भरवसा नसतो. बारवीचे पाणी जांभूळजवळ उल्हासला मिळते, तिथून उचलून, गाळून ते आमच्यापर्यंत येते ते त्याला वाटेल तेव्हा. समोर दादा जागे असतात. म्हातारपणात झोप कमी. नळ फुसफुसला की दार उघडून ते सबंध मजल्याला हाक देतात : “पाणी आला!” गेली कित्येक वर्षे मजला त्या हाकेवर उठतो.

त्या रात्री साडेअकराला मी नुकताच आडवा झालो होतो. समोरचे दार उघडले.

“मास्तर,” दादांनी हाक दिली, “उठा! तुमची इंद्रायणी आली!”

ही बादली घेऊन धावली.